आकड्यांना तीट लावणारे मेव्हणे

तारखेचा इतका कट्टर वैरी वर्धा जिल्ह्यात, मी तर म्हणेन अख्ख्या विदर्भात, आमच्या मेव्हण्यांसारखा दुसरा सापडणार नाही. माणसं कोर्टाच्या तारखेला भितात, परीक्षेच्या तारखेला भितात, कोणी अमावास्येला घराबाहेर पाऊल टाकत नाही; ते सगळं मी समजू शकतो. पण आमच्या मेव्हण्यांना साधी, गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात अशी तारीखसुद्धा खपत नाही. त्यांच्या पुलगावच्या टायपिंगच्या दुकानात कॅलेंडर आहे, पण ते भिंतीकडे तोंड करून टांगलेलं. कोणी कारण विचारलंच तर म्हणतात, "तारखेले सामोर ठेवलं का ते दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसते." हे वैर उगाच नाही. त्यांची धाकटी बहीण माझी बायको आहे, आणि आमचं लग्न एका खोट्या तारखेवर जमलं. त्या तारखेचा दोष मेव्हण्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि तेव्हापासून आपल्या बहिणीचा संसार नीट चालेल की नाही, हा एकच घोर त्यांना लागून राहिला. ती हकीकत सांगायचीच आहे, पण आधी माणूस कसा आहे ते सांगतो, नाहीतर हकीकतीवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

पुलगावला स्टेशनकडून गावात शिरलं की डाव्या हाताला त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट लागते. नव्वदच्या दशकात गावोगावच्या टायपिंगवाल्यांवर गदा आली तेव्हा बाकीच्यांनी मशिनी भंगारात घातल्या आणि झेरॉक्स टाकली. मेव्हण्यांनी पुढच्या खोलीतली खडखड तशीच चालू ठेवली आणि मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर आणून बसवला. त्याला निळी खोळ शिवली, दाराबाहेर चपला काढायचा नियम केला आणि 'येथे कॉम्प्युटरची कामे विश्वासाने केली जातील' अशी पाटी रंगवून घेतली. खुद्द त्यांचा विश्वास मात्र त्या मशीनवर तर नव्हताच, जगातल्या कशावरच नव्हता. माणसाची पाठ फिरली की वस्तू बदलते, हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्यामुळे हा माणूस सतत मागे वळून बघत असतो. कुलूप लावलं की चार पावलं जाऊन परत येणार आणि ते ओढून बघणार. पत्र पेटीत टाकलं की पेटीला खालून थापटी मारून ते पडल्याची खात्री करणार. लोक चक्कीवर दळण टाकून बाजार करून येतात. हे चक्कीपाशी उभे राहून आपलाच गहू आत जाताना आणि आपलंच पीठ बाहेर येताना बघणार, आणि पांढरेफटक होऊन घरी येणार. स्टेशनबाहेरच्या टपरीवर पोहे सांगताना ते "तर्री अलग", म्हणजे वरचा झणझणीत रस्सा वेगळा, असं दोनदा बजावतात. एकदा टपरीवाल्यानं सवयीनं तर्री वरूनच ओतली. मेव्हणे प्लेटकडे बघतच राहिले. "म्या काय सांगतलं होतं? अलग सांगतलं होतं. तुमी तुमच्या मनानं ओतली. आता याले पोहे म्हनाव का?"

"अवो भाऊ, पोटात जाऊन एकच होते न सारं!"

"पोटात होऊ द्या. पोट माह्या ताब्यात हाय, प्लेट तुमच्या ताब्यात हाय."

सांगितलं एक आणि समोरच्यानं आपल्या मनानं केलं दुसरं, यासारखा गुन्हा त्यांच्या लेखी नाही. आणि नेमका हाच गुन्हा त्यांचा कॉम्प्युटर दिवसातून शंभरदा करायचा. ज्यांनी कधी ती चौकटी-चौकटींची स्प्रेडशीट उघडली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: ती फार हुशार असते, आणि अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात तसं तिचं होतं. तुम्ही एखाद्या मालाचा कोड म्हणून ३-४ असं लिहा, ती मनाशी म्हणते, हे बिचारं तीन एप्रिल लिहायला निघालं असणार, आणि करून टाकते तीन एप्रिल. तुम्ही ००७ लिहा, ती पुढची दोन शून्यं खाऊन ढेकरही न देता नुसते ७ ठेवते. एका बियाण्याच्या पिशवीचा कोड होता २ई३; तिनं त्याचे दोन हजार करून ठेवले. यावर उपाय असा की कोड लिहिण्याआधी वर एक बारीकसा टिंब द्यायचा, इंग्रजीत शब्दाच्या डोक्यावर स्वल्पविराम देतात तसा. तो दिला की मशीन समजतं, हे अक्षर आहे, याला हात लावायचा नाही. या टिंबाला इंग्रजीत काय म्हणतात ते मेव्हण्यांना पक्कं ठाऊक होतं, टायपिंगच्या परीक्षा त्यांनी शेकड्यांनी घेतल्या होत्या. पण त्यांनी त्याचं नाव ठेवलं तीट.

"लहान लेकराले दृष्ट लागू नाई म्हून माय गालावर तीट लावते का नाई? तसंच हे. आकडा गोरागोमटा दिसला का मशीनची नजर लागलीच समजा." आणि ही तीट लेकराच्या तिटेपेक्षा वरचढ, कारण लावल्यावर ती दिसत नाही; चौकटीवर जाऊन उभं राहिलं तरच वरच्या पट्टीत तिचं दर्शन होतं. त्यांच्याकडे शिकलेल्या पोरापोरींना दुसरा शब्दच माहीत नव्हता. त्यांतली एक मुलगी नागपूरला नोकरीला लागली आणि पहिल्याच दिवशी साहेबांना म्हणाली, "सर, तुम्ही तीट लावली नाही." साहेब म्हणे बराच वेळ आरशात गाल तपासत होते.

पण एकेक लेकरू असेल तर तीट ठीक. बाहेरगावाहून फ्लॉपीत भरून हजार लेकरं आली तर कोणाकोणाला लावत बसणार? त्याच्यासाठी मेव्हण्यांचा दुसरा नियम होता, 'दारातच सांगाव'. बाहेरून आलेली फाइल टिचकी मारून धाडकन उघडायची नाही. आधी स्प्रेडशीट उघडायची, मग तिच्या आतून फाइलला बोलवायचं. मशीन मग विचारपूस करत करत तिसऱ्या पायरीला येतं, तिथं सगळे रकाने निवडून 'टेक्स्ट' म्हणून सांगायचं आणि मगच आत घ्यायचं. "पाहुना घरात शिराच्या आधी सांगाव, बापा, जोडे इथं काढ. सारं घर तुडवून झाल्यावर सांगून काय फायदा?" आणि फायदा खरंच नसतो. कारण एकदा तारीख झाली आणि मागाहून तुम्ही म्हणालात की नाही नाही, हे अक्षर आहे, तर मशीन त्या तारखेच्या पोटातला स्वतःचा हिशेब बाहेर काढतं आणि छत्तीस-सदतीस हजारांचा एक भलताच आकडा तुमच्या तोंडावर फेकतं. मूळचा कोड गेला तो गेलाच. हे सांगताना मेव्हण्यांचा आवाज कापतो.

या दोन नियमांचा प्रसार करत ते सगळ्या तालुक्यात फिरले. कोणी बोलावलं नव्हतं, पण एखाद्या ऑफिसच्या खिडकीतून नुसता पडदा दिसला तरी यांचे पाय अडखळायचे. एका सोसायटीत कोणा शेतकऱ्याचा गट नंबर बारा भागिले तीन, तो पडद्यावर बारा मार्च होऊन बसलेला त्यांना बाहेरून दिसला. सरळ आत शिरले आणि तिथल्या बाबूंना म्हणाले, "काहो, या मानसाचं वावर बारा मार्चलेच असते का? बाकीच्या दिवशी तो वखर कुठं मारते?" बाबूंनी त्यांना पाणी पाजून बाहेर काढलं. ते परत आत आले. तीट लावून झाल्यावरच हलले, आणि वळून म्हणाले, "सातबारा लिवताना जपजा. त्याचा सात डिसेंबर होते." एकदा आम्ही सगळे गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला गेलो होतो. पायथ्याशी चपलांचा हा ढीग पडलेला. आपल्या चपला बदलू नयेत म्हणून मेव्हण्यांनी खिशातून खडू काढून आमच्या प्रत्येक चपलेच्या टाचेवर एकेक टिंब दिला. मग शेजारची चप्पल बघून त्यांना राहवेना. तिची मालकीण बिचारी कुठून आली असेल, तिची हरवली तर? तिलाही दिला. खाली उतरून पाहतो तो सगळ्या ढिगाला तीट लागलेली. आपली चप्पल कुठली ते ओळखायला त्यांनाच सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

आता ती हकीकत. नव्वदचं दशक संपायला आलं होतं. मेव्हण्यांचे वडील आधीच गेले होते. घरी आई, हे आणि बहीण. मेव्हणे पाच फूट चार इंच, आणि बहीण पाच फूट दहा. घराण्याची सगळी उंची जणू तिनं एकटीनं उचलली होती. दिसायला छान, शिकलेली, बोलायला फटकळ म्हणावी इतकी मोकळी. पण स्थळं यायची ती उंची वाचून जागच्या जागी माघारी फिरायची. 'मुलीची उंची ५-१०' एवढं कळवलं की पलीकडून उत्तरच येत नसे. बहिणीचं झाल्याशिवाय स्वतःचं बघायचं नाही, असं मेव्हण्यांनी ठरवून टाकलेलं. त्यात आमच्या समाजाचा वधू-वर मेळावा वर्ध्याला भरायचा होता आणि त्याची पुस्तिका तयार करायचं काम यांच्याकडे आलं. तालुक्या-तालुक्यातून फ्लॉप्या आल्या. नावं मराठीत, आकडे इंग्रजीत. मशीन तारखेत अमेरिकेसारखा महिना आधी लिहायचं; ते मेव्हण्यांनी मोठ्या अभिमानानं बदलून आपल्यासारखा दिवस आधी करून घेतलं होतं. आणि मेळावा तोंडावर आलेला असल्यानं प्रत्येक फाइल त्यांनी टिचकी मारून धाडकन उघडली. त्यांचे दोन्ही नियम तेव्हा जन्माला यायचे होते.

तेवढ्यात मशीननं काम साधलं. ज्या ज्या मुलीची उंची ५-२ होती ती झाली पाच फेब्रुवारी. ५-३ वाली पाच मार्च. माझी बायको पाच ऑक्टोबर. पडद्यावर एका वेळी सात-आठच रकाने मावायचे, उंचीचा रकाना उजवीकडे पडद्याबाहेर. आणि मेव्हणे नावांतले काना-मात्रा तपासण्यात गढलेले. कोणाची वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झाली नाही याच आनंदात त्यांनी पुस्तिका छापायला पाठवली. त्यात समितीनं ठरवलेलं की जन्मतारीख पुरती छापायची नाही, नुसतं साल द्यायचं. सालाच्या शेजारी उंचीचा रकाना. रकान्यांची नावं फक्त पहिल्या पानावर. झालं. पुस्तिका हातात घेणाऱ्या प्रत्येकाला वाटलं की हे साल आणि ही त्याची तारीख. कोणी विचारायलाही आलं नाही, कारण आपल्याकडे लग्नात उंची डोळ्यांनी मोजतात आणि तारीख कागदावरून घेतात.

आमचं हिंगणघाटला कापडाचं दुकान. माझ्या बाबांनी ती पुस्तिका आमच्या गुरुजींपुढे ठेवली. गुरुजींनी पानं चाळली आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "यंदा समाजातल्या साऱ्या पोट्ट्या पाच तारखेच्या हायेत! एक-दोन चार तारखेच्या. मोठा योग दिसते." त्या योगात त्यांनी पाच ऑक्टोबरची मुलगी निवडली आणि छत्तीसपैकी तीस गुण जुळवून दिले. बाबा म्हणाले, असं स्थळ सोडायचं नाही. आम्ही पुलगावला मुलगी बघायला गेलो. मेव्हणे नेहमीप्रमाणे घरभर भिरभिरत होते. चांगले कप सगळ्यात वरच्या फळीवर, म्हणून स्टूल शोधत परसात गेलेले. तेवढ्यात मुलगी आतून आली, हात वर केला आणि अख्खा कपांचा जोड सहज खाली काढून घेतला. मी त्याच क्षणी हरलो. आमच्या दुकानात वरच्या फळीवरचं ठाण काढायला मला आयुष्यभर शिडी लागत आलेली. बाबा कापडवाले, त्यांनी तिला नजरेनंच मोजलं आणि माझ्या कानात पुटपुटले, "पावनेदोन मीटरच्या वर हाय रे पोट्टी." मी पाच फूट पाच. मग म्हणाले, "जाऊ दे. तीस गुन जुळले, मंग उंचीचं काय घेऊन बसता!"

साक्षगंध, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा, पुलगावलाच ठरलं. मंडळी जमली, पाट मांडले, आणि गुरुजींनी खड्या आवाजात वधूची ओळख सांगायला सुरुवात केली. अमक्याची कन्या, तमक्याची नात, जन्म पाच ऑक्टोबर. मुलीनं चमकून भावाकडे पाहिलं. तिचा जन्म चैत्रातला. मेव्हण्यांनी पुस्तिका हिसकावूनच घेतली, पान काढलं, आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. ते जे समजले ते त्या सभेत दुसऱ्या कोणालाही समजलेलं नव्हतं. नुसतं गप्प राहिले असते तरी सगळं निभावून गेलं असतं. दोन तासांत टिळा लागणार होता. त्यांच्या आईनं त्यांचा शर्ट मागून ओढला आणि हळूच म्हणाली, "चूप राह्य, बापा." ते बाहेर ओसरीत गेले, चपला घातल्या, काढल्या, परत आत आले, परत बाहेर गेले. मी दारातून बघत होतो. कोंडलेल्या मांजरासारखी त्यांची अवस्था झाली होती. शेवटी ते माझ्या बाबांपुढे येऊन उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "काका, हे तारीख नाई. हे उंची हाय."

बाबांना वाटलं, पोराच्या डोक्यावर ताण आला. मेव्हणे एकेक पान उलटत, घाम पुसत सांगत सुटले. पाच ऑक्टोबर म्हणजे पाच-दहा. मशीननं आपल्या मनानं केलं. "पाहा न, साऱ्या पुस्तिकेत डिसेंबरात कोनीच जन्मलं नाई! काऊन नाई जन्मलं? कारन बारा इंच झाले का फूट होते!" हळूहळू सभेच्या डोक्यात प्रकाश पडायला लागला. बाबांचा चेहरा लाल झाला. ते उठायच्या बेतात होते, एवढ्यात मेव्हण्यांनी पुस्तिकेत माझं नाव काढलं आणि गुरुजींना विचारलं, "नवरदेवाची तारीख कोनची धरली?" गुरुजी म्हणाले, "पाच मे." मी म्हणालो, मी तर भाद्रपदातला. बाबांनी माझी पत्रिका दिली होती, पण ती किरट्या अक्षरात. पुस्तिकेत ठसठशीत छापलेलं बघून गुरुजींनी तिथूनच उचललं होतं. पाच मे म्हणजे पाच-पाच. म्हणजे गुरुजींनी उंचीशी उंची जुळवली होती आणि तिच्यात तीस गुण काढले होते. आमच्या दोघांच्या उंचीत आजवर कोणालाही एवढं जुळताना दिसलेलं नाही, एकट्या गुरुजींनाच दिसलं.

गुरुजी कसलेले. त्यांनी पुस्तिका मिटली आणि जाहीर केलं की साक्षगंधाच्या पाटावर पुन्हा पत्रिका उघडणं अशुभ असतं. बाबा माझ्याकडे वळले. मुलीची मान खाली, मेव्हणे हात जोडून उभे. बाबा म्हणाले, "तुले काय वाटते ते सांग बावा, माह्यं त डोकं चालून नाई राह्यलं."

मी म्हणालो, "मले उंचीच पसंत हाय."

असं आमचं लग्न झालं. मंडळी हसत हसत आपापल्या घरी गेली आणि विसरली. मेव्हणे विसरले नाहीत. तेव्हापासूनच त्यांनी तारखेशी वैर मांडलं, तिटेचा शोध लावला, आणि तेव्हापासूनच दर रविवारी पुलगावहून निघून, वर्ध्याला गाडी बदलून, हिंगणघाटला आमच्याकडे यायला लागले. कारण काही नाही. हातात कधी संत्री, कधी नुसतीच पिशवी. आल्या आल्या आधी बहिणीचा चेहरा, मग माझा, मग पुन्हा बहिणीचा. "सारं बराबर हाय न?" हा पहिला प्रश्न आणि निघताना हाच शेवटचा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बायकोनं तिच्या मापानं भिंतीवर आरसा लावला; त्यात मला माझं फक्त कपाळ दिसायचं. मी त्याच्याखाली माझा दुसरा लावून घेतला. मेव्हण्यांनी ते दोन आरसे पाहिले आणि हातातला घास ताटात परत ठेवला. "आरसे दोन काऊन? वेगळं पाहाची वेळ आली का?" आम्ही कितीही हसलो तरी त्यांना ते पटलं नाही; वर्षभर ते त्या भिंतीकडे पाठ करून बसायचे. जेवताना मी बायकोकडे न मागता स्वतः उठून मीठ घेतलं तरी यांच्या कपाळावर आठी. ती माहेरी दोन दिवस जास्त राहिली की हेच तिला गाडीत बसवायला घाई करणार. त्यांच्या काळजीनं कधीकधी मला गुदमरल्यासारखं व्हायचं. नीट नांदणाऱ्या माणसांकडे कोणी सतत असं बघत राहिलं की आपण खरंच नांदतोय ना, अशी शंका आपल्यालाच यायला लागते.

त्यांचं स्वतःचं लग्न मात्र राहूनच गेलं. बहिणीचं पार पडल्यावर लोकांनी विचारलं तर म्हणायचे, "थांबा, अजून तिचं पक्कं कुठं झालं?" आमची मुलगी शाळेत जायला लागली तरी त्यांच्या लेखी ते पक्कं झालेलं नव्हतं.

मग एकदा आमचं खरंच मोठं भांडण झालं. बायकोला दुकानात बसायचं होतं, लेडीज मालाचा वेगळा गाळा सांभाळायचा होता. बाबा नाही म्हणाले आणि मी दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा राहिलो. तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. रविवारी मेव्हणे आले, उंबऱ्यातच सगळं समजले, आणि मला अंगणात घेऊन गेले. लिंबाखाली बराच वेळ येरझारा घालून झाल्यावर म्हणाले, "जवाईबापू, आज सांगतोच. म्या तुमच्या खऱ्या पत्रिका पाह्यून आनल्या होत्या. साक्षगंध झाल्यावर, लग्नाच्या आधी. जुळत नाई."

"किती जुळत नाही?"

"तो आकडा म्या कोनाले सांगतला नाई, तुमालेही सांगत नाई. साक्षगंधात खरं बोललो, पन हे दाबून ठेवलं. अन् आता पाह्यतो त हे असं. माह्या एका रकान्यापायी दोन मानसाईचं वाटोळं झालं." त्यांचे डोळे भरून आले होते. इतकी वर्षं हा माणूस एवढं ओझं घेऊन दर रविवारी गाडी बदलत होता, आणि मी त्याला छांदिष्ट समजून हसत होतो, याचं मला फार वाईट वाटलं.

मी म्हणालो, "दादा, तो रकाना नीट छापला असता तर काय झालं असतं? पाच-दहा वाचून आमच्या बाबांनी पान उलटलं असतं. आधीच्या सगळ्यांनी उलटलं तसं. मी पुलगावला आलोच नसतो. तुमची चूक झाली म्हणून तर मला बायको मिळाली."

मेव्हणे थांबले. एवढी साधी गोष्ट त्यांच्या मनात कधी आलीच नव्हती. दारात बायको येऊन उभी राहिली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्याशी अबोला असल्यामुळे ती भावालाच म्हणाली, "दादा, तुले एवढंही समजत नाई? मले यायच्याशी भांडाचं असन त मी भांडन. तुह्या मशीनचा काय संबंध? अन् वाटोळं झालं म्हून कोनं सांगतलं तुले?" आणि ती रडायला लागली. मग मलाही राहवलं नाही. त्याच संध्याकाळी मी बाबांशी बोललो आणि पुढच्या महिन्यात ती गाळ्यात बसली.

"म्हंजे मशीननं बरंच केलं म्हनता?" मेव्हण्यांनी जाताना विचारलं.

"बरंच केलं."

त्यांनी चपला घालता घालता मान हलवली. "खरं असन. पन त्याले सांगू नोका, लय माजन."

त्यानंतरच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आम्हाला वाटलं, तब्येत असेल; फोन केला तर चांगले खणखणीत. क्लास जोरात चालला होता, नव्या मशिनी आल्या होत्या. "तुमचं बराबर चाललं हाय, मंग मी कायले येऊ?" हे ते इतक्या समाधानानं म्हणाले की मी बरं म्हणून फोन ठेवला. दिवाळीला येतात, लेकीच्या वाढदिवसाला येतात, आणि चहा घेऊन परत जातात. आमच्याकडे बघत नाहीत. कोणी आपली काळजी करणं सोडलं की घर किती रिकामं होतं, ते मला तेव्हा कळलं. रविवारी गाडीच्या वेळेला बायको उगाच दारात जाऊन येते. मी उगाच पेपर घेऊन ओसरीत बसतो. त्यांची समजूत एवढी पुरती घालायला नको होती, थोडी शिल्लक ठेवायला हवी होती, असं माझ्या कितीदा मनात येतं.

गेल्या रविवारी सकाळी बायको माझ्यापुढे फोन घेऊन उभी राहिली. "अवो, दादाले फोन लावा. सांगा, आमचं भांडन झालं म्हून."

मी लावला. म्हणालो, "दादा, तुमची बहीण बोलत नाही माझ्याशी."

"लहान का मोठं?"

"मोठं."

"निघालोच," मेव्हणे म्हणाले, आणि फोन ठेवल्याचा आवाज आला. त्या एका शब्दात जुने मेव्हणे जसेच्या तसे होते.

बायकोनं पदर खोचला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "चला, आता भांडा. दादा आल्यावर त्याले काही त दिसलं पाह्यजे." मी म्हणालो, तू सुरू कर. ती म्हणाली, नेहमी मीच काऊन? मग आम्ही दोघं बराच वेळ विचार करत बसलो. एव्हाना मेव्हणे वर्ध्याच्या फलाटावर गाडी बदलायला धावत असतील, आणि इकडे आम्हाला भांडायला काहीच सापडत नव्हतं.